दुसऱ्यांदा करण्याचा तास

दिवाळीच्या सुट्टीआधी प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या वहीत एक ओळ हमखास लिहून येते : 'आकाशकंदील करून आणणे.' पुढे काय होतं ते पालकांना ठाऊक असतं. आई-बाबा रात्री जागून कंदील करतात, नाहीतर कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून तयार कंदील येतो. मूल त्यावर नाव आणि इयत्ता लिहितं. शाळेच्या व्हरांड्यात कंदील टांगले जातात, फोटो निघतो, कार्यानुभवाची नोंद होते. या सगळ्यात मुलाने काय ठरवलं? बांबूची कामटी किती लांब घ्यायची, सांधा दोऱ्याने बांधायचा की खळीने चिकटवायचा, कागदाला किती माया सोडायची, कंदील कुठे बांधला तर तिरका होणार नाही, यातला एकही प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला नाही.

हे प्रश्नच शिकवायचे असतात. डिझाइन आणि तंत्रज्ञान या विषयाचा प्राथमिक शाळेतला अर्थ एवढाच आहे : एखादी गरज समोर ठेवायची, तिच्यासाठी काय करायचं ते मुलाने ठरवायचं, हाताने करायचं, वापरून पाहायचं, कुठे बिघडलं ते शोधायचं आणि पुन्हा करायचं. आमचा आग्रह यातल्या शेवटच्या दोन शब्दांसाठी आहे. आपल्या शाळांत पहिला प्रयत्न होतो, कधीकधी चांगलाही होतो. दुसऱ्या प्रयत्नाला वेळापत्रकात जागा नाही. आणि खरं शिकणं दुसऱ्या प्रयत्नात होतं, कारण पहिल्या खेपेला मूल अंदाजाने वस्तू करतं, दुसऱ्या खेपेला कारणाने करतं.

सरकारने या विषयासाठी काहीच केलेलं नाही असं नाही, पण जे केलं त्याची सुरुवात सहावीपासून होते. २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे वस्तू बनवून पाहण्याच्या शाळेतल्या प्रयोगशाळा, सहावी ते बारावीसाठी आहेत. निवडलेल्या शाळेला त्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले दहा बिनदप्तराचे दिवस, ज्यात मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम पाहायचं आणि करायचं आहे, तेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी. पाबळच्या विज्ञान आश्रमाने १९८३ पासून हाताच्या कामातून शिकण्याचा जो भक्कम नमुना उभा केला, त्याचा शालेय अभ्यासक्रमही आठवी ते दहावीचा आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात डिझाइन आणि तंत्रज्ञानाचे घटक तयार झाले : पुस्तकांची पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की, बाहुल्यांचा खेळ. तेही माध्यमिकच्या उंबरठ्यावरच्या मुलांबरोबर. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी उरतो कार्यानुभवाचा तास, आणि तो बहुतेक ठिकाणी कागदी फुलांत किंवा गणिताच्या उरलेल्या उदाहरणांत जातो.

हाताने शिकण्याची कल्पना आपल्याकडे बाहेरून आणावी लागत नाही. १९३७ साली वर्ध्याला नई तालीमची, म्हणजे गांधीजींच्या हस्तोद्योगातून शिक्षणाची, मांडणी झाली. कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शिक्षणाचा भाग मानला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचवलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडीची साधनं भोवतालच्या वस्तूंतून उभी केली. बिया, पानं, खडे हेच त्यांचं साहित्य. ही परंपरा मोठी आहे आणि तिच्याबद्दल आदर आहे. पण टकळीवर सूत काढताना सूत कसं असावं हे आधीच ठरलेलं असतं. मुलाच्या हाती कौशल्य येतं, निर्णय येत नाही. कार्यानुभवातही तेच झालं. तीस मुलांनी तीस सारखी भेटकार्डं करायची, आणि ज्याचं बाईंच्या कार्डाशी जास्त जुळतं त्याला शाबासकी. डिझाइनच्या तासाला तीस मुलांच्या तीस वस्तू एकसारख्या आल्या, तर तास फसला असं समजावं.

इंग्लंडने १९९० मध्ये हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात पाचव्या वर्षापासून सक्तीचा केला. तिथल्या सध्याच्या आखणीतला क्रम उपयोगी आहे : पाच ते सात वर्षांच्या मुलांना तरफ, सरकपट्टी, चाक आणि आस, त्यापुढे दंतचक्रं, कप्प्या, जोडपट्ट्या, साधी विद्युत मंडलं. उपकरणं कुठली हा मुद्दा गौण आहे. सहा वर्षांच्या मुलाला पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या आणि एक टाचणी पुरते, आणि तीच तरफ पुढे दहाव्या वर्षी पुन्हा भेटते, हा त्या क्रमातला शहाणपणा आहे.

आता आकाशकंदिलाकडेच परत जाऊ, कारण मराठी घरात त्याच्याइतकी चांगली डिझाइनची समस्या दुसरी नाही. चौथीच्या वर्गाला चांदणी करायची आहे असं धरू. चांदणीचे दोन सांगाडे लागतात, प्रत्येकी पाच कामट्यांचे. म्हणजे दहा कामट्या, आणि दोन सांगाडे एकमेकांपासून दूर ढकलायला पाच छोट्या काड्या. कामट्या मुलांनी तासायच्या नाहीत. बांबूची कड ब्लेडसारखी कापते. बुरुडाकडून साधारण ५ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड, दोन्ही कडा घासलेल्या कामट्या आणाव्यात. शक्य असेल तर बुरूडदादांनाच एक तास वर्गात बोलवावं. बांबूचं पेर कुठे आलं की कामटी वाकत नाही आणि पाठीकडची कामटी पोटाकडच्या कामटीपेक्षा चिवट का असते, हे त्यांच्या हातात दिसतं. धोरण हे सहावीत करायला सांगतं. तिसरीत केलं तर कुणी अडवलेलं नाही.

टोकापासून टोकापर्यंत ३० सेंटिमीटरची चांदणी हवी असेल तर कामटी ३२ सेंटिमीटरची लागते. दोन्ही टोकांना एकेक सेंटिमीटर सुटलं नाही तर बांधलेला दोरा टोकावरून निसटतो. पाच कामट्या एकमेकींना जिथे छेदतात ती जागा प्रत्येक बांधलेल्या टोकापासून साडेअकरा सेंटिमीटरवर येते. ही खूण आधी पेन्सिलीने केली तर चांदणीची पाचही टोकं सारखी येतात. न केली तर एक टोक लांबोडकं होतं. कामट्या नुसत्या एकावर एक ठेवायच्या नाहीत, एक वरून एक खालून अशा विणायच्या. छेदावर दोऱ्याचे फुलीसारखे चार वेढे आणि गाठ, गाठीवर खळीचा ठिपका. दोन सांगाडे टोकांशी एकत्र बांधून आतल्या पाच छेदांवर ६ सेंटिमीटरच्या काड्या उभ्या करायच्या. काड्या याहून लांब घेतल्या तर कामट्या धनुष्यासारख्या ताणल्या जातात आणि टोकांचे दोरे सुटू लागतात. कोरडी कामटी अशा ताणाखाली तडकतेही. रात्रभर पाण्यात ठेवलेली वाकते.

हे सगळं मुलांना आधी सांगायचं का? इथे शिक्षकाची खरी कसोटी आहे. सांगितलं तर तो कंदील शिक्षकाचा झाला. काहीच सांगितलं नाही तर साहित्य वाया जातं आणि मुलं हिरमुसतात. म्हणून पहिला प्रयत्न छोटा आणि स्वस्त ठेवायचा. खराट्याचे हीर घ्यायचे, १५ सेंटिमीटरचे तुकडे करायचे आणि त्यांची चांदणी बांधायला लावायची. हीर मऊ, लवचीक, फुकट मिळणारे. अर्ध्या तासात प्रत्येक गटाकडे एक वाकडीतिकडी चांदणी तयार होते आणि सगळ्या चुका बाकावर मांडलेल्या असतात. मग विचारायचं : हिचं हे टोक का लांब? बहुतेक वेळा कारण मापात सापडतं. मुलाने पट्टीच्या शून्यापासून न मोजता प्लॅस्टिकच्या कडेपासून किंवा १च्या रेघेपासून मोजलेलं असतं. गणिताच्या वहीत ही चूक लाल रेघ होऊन राहते. इथे तीच चूक टोक होऊन बाहेर येते आणि मूल ती स्वतः बोटाने दाखवतं.

यानंतर ३२ सेंटिमीटरची कामटी हातात द्यायची. याच वेळी एक चौकोनी घनाचा सांगाडाही कुणाला तरी करू द्यावा. बारा काड्यांचा घन हातात धरला की लचकतो, एका बाजूला लोळतो. चांदणी तशी लोळत नाही. का? चांदणीत कामट्या एकमेकींना छेदून त्रिकोण आपोआप तयार करतात, घनात सगळे चौकोन. घनाच्या एका बाजूत तिरपी काडी बांधली की ती बाजू गप्प बसते. हीच गोष्ट पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनीही दाखवता येते : २ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर लांब पट्ट्या, टोकापासून १ सेंटिमीटरवर भोक, भोकात दुपाखी पिन. चार पट्ट्यांचा चौकोन चेपतो, तीन पट्ट्यांचा त्रिकोण चेपत नाही. ज्या मुलाच्या घराच्या छपराला लोखंडी कैच्या आहेत ते दुसऱ्या दिवशी वर बघतंच.

कागदाचं काम सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते. पतंगाचा कागद घ्यावा. खळ कागदाला लावायची नाही, कामटीला लावायची, तीही बोटाने पातळ. कागदाला लावली की तो ओला होऊन पसरतो, मूल तो ताणून चिकटवतं आणि सुकताना आकसून तो मधोमध फाटतो. कडेला दीड सेंटिमीटर माया सोडून कापायचा, सैलसर चिकटवायचा, पूर्ण सुकू द्यायचा आणि मग ओल्या फडक्याचा नुसता हात वरून फिरवायचा. कागद स्वतःच ताणून घेतो. शिंप्याचा हा माया शब्द मुलांना मुद्दाम द्यावा. तिसरीतल्या मुलाने पट्टी ठेवायची कापडी पिशवी शिवली आणि पट्टी आत गेली नाही, तर कारण तेच : शिलाईत जाणारं कापड त्याने धरलंच नव्हतं.

खळीबद्दल एक सूचना, कारण ती धोक्याची आहे. एक वाटी मैदा आणि पाच वाट्या पाणी, आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून मग मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत ढवळायचं, एवढीच कृती. पुस्तकं बांधणारे लोक खळीला कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत. मोरचूद विषारी आहे. लहान मुलांच्या खळीत तो कधीच घालू नये. साधी खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा ती ताजी करावी आणि थोडीच करावी. सुकायला ती वेळ घेते. म्हणून चिकटवण्याचा आणि चाचणीचा दिवस एक ठेवू नये. पहिल्या प्रयत्नांपैकी कित्येक केवळ ओल्या सांध्यांमुळे कोसळतात आणि मुलाला वाटतं आपली कल्पनाच चुकली.

उजेडाचा भाग वर्गात टॉर्चने करावा. विजेच्या मंडलावर काम करायचं असेल तर चौथी-पाचवीत दीड व्होल्टचे सेल पुरतात, पण एक गोष्ट शिक्षकाला ठाऊक हवी : एका सेलवर एलईडी लागत नाही. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला जवळजवळ ३. त्यामुळे एका सेलवर मुलं तार उलटसुलट करत बसतात आणि शेवटी दिवाच खराब आहे असं ठरवतात. दोन सेल एकापुढे एक जोडले की प्रश्न सुटतो, दिव्याचा लांब पाय धन टोकाला असला तर. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी थेट लावली तर एलईडी क्षणभर झगझगतो आणि कायमचा जातो. बटनासारखे चपटे सेल प्राथमिक वर्गात आणूच नयेत. लहान मूल ते गिळू शकतं आणि गिळलेला सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो. घरातल्या विजेची तार मुलाच्या हातात द्यायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

आकाशकंदील वर्षातून एकदा येतो. गाडी कधीही करता येते, आणि दुसरी-तिसरीसाठी तिच्याइतकं उत्तम काम नाही. पुठ्ठ्याचा तळ, बाटल्यांची चार झाकणं, ३ मिलिमीटरच्या बांबूच्या दोन काड्या, रिकाम्या बॉलपेनच्या दोन नळ्या. स्ट्रॉ वापरायची सवय सोडावी. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आहे, आणि सजावटीच्या थर्माकोलवरही. पेनची नळी तळाला चिकटवायची, तिच्यातून काडी घालायची, काडीच्या टोकांना झाकणं. बस्स. आणि दहातल्या सात गाड्या चालत नाहीत म्हटलं तरी वावगं होणार नाही.

का चालत नाहीत, तेच या कामाचं सोनं आहे. पहिलं कारण : मुलाने चाकही काडीला घट्ट बसवलं आणि काडीही तळाला चिकटवली. फिरायला काहीतरी सैल हवं. एकतर चाक आणि आस घट्ट आणि आस नळीत सैल, किंवा आस पक्की आणि चाक तिच्यावर सैल. बैलगाडीत दुसरा प्रकार असतो : आस जागेवर, तुंबा तिच्याभोवती फिरतो. ज्या गावात बैलगाडी अजून आहे तिथे वर्गच तिच्यापाशी न्यावा. तुंबा, आरे, धाव, आस या शब्दांसकट गाडी पाहणं हा भाषेचाही तास आहे. दुसरं कारण : भोक मध्यावर नाही. चाक उड्या मारतं. झाकणाचा मध्य कसा काढायचा हे मुलांना सांगू नये, विचारावं. कागदावर झाकण ठेवून गोल काढायचा, कापायचा, दोनदा घडी घालायची, घड्या छेदतात तो मध्य. हा शोध लावणारं एक तरी मूल वर्गात निघतं. भोक मात्र शिक्षकाने पाडावं, टोच्याने, खाली लाकडाचा तुकडा ठेवून. तिसरं कारण : दोन आस समांतर नाहीत, गाडी वळते आणि फळीवरून पडते. चौथं : झाकण तळाच्या कडेला घासतं. आस दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर जास्त लांब हवी होती.

चाचणी सगळ्यांना सारखी हवी. एक मीटरची फळी, एक टोक २० सेंटिमीटर उंच, गाडी वरून सोडायची, ढकलायची नाही, फळी संपल्यापासून ती किती सेंटिमीटर गेली ते मोजायचं, तीनदा सोडून. मग दुसरा प्रयत्न, आणि त्याला एकच नियम : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मुलं अधीर असतात, चाकही बदलतात आणि तळही. मग गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही. आठ वर्षांच्या मुलाला हा नियम अवघड जातो. म्हणूनच तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. विज्ञानाच्या पुस्तकात हाच नियम पुढे प्रयोगाच्या भाषेत येतो, तेव्हा तो त्याच्या हातातून गेलेला असतो.

आराखड्याचं एक सांगायला हवं. 'आधी चित्र काढा' म्हटलं की मूल ढग, सूर्य आणि रस्त्यासकट गाडीचं चित्र काढतं. ते चित्र आहे, आराखडा नाही, आणि त्यात मुलाची चूक नाही. प्रमाणात लहान करून काढायला लावू नये. या वयात प्रमाण कळत नाही. वर्तमानपत्रावर खऱ्या मापाचं काढायला लावावं, वरून दिसेल तसं. मग साहित्य त्या रेघांवर ठेवून पाहता येतं. वस्तू झाल्यावर फाईल भरण्यासाठी काढलेला सुबक आराखडा निरुपयोगी आहे. खळीचे डाग पडलेला आणि दोन ठिकाणी खोडलेला खरा.

खाजगी शाळांत आता पहिलीपासून रोबोटिक्सची वर्षभराची फी घेतली जाते. पालकांना वाटतं मूल पुढे चाललंय. त्या पेटीतला प्रत्येक तुकडा दुसऱ्या तुकड्यात बरोबर बसेल असा कारखान्यात बनवलेला असतो. मध्य काढायचा नाही, माया सोडायची नाही, सांधा पक्का आहे का ते पाहायचं नाही. सगळे निर्णय आधीच कुणीतरी घेऊन ठेवले आहेत, मूल सूचनांच्या पानांप्रमाणे ते जुळवतं, आणि तास संपला की पेटी मोडून परत भरली जाते. मोटार आणि सेन्सरला आमचा विरोध नाही, पाचवीनंतर ते जरूर यावेत. पण ज्या मुलाने कधी डुगडुगणारा चौकोन हातात धरला नाही त्याच्यापुढे यंत्रमानव ठेवणं म्हणजे बाराखडीआधी निबंध. भारतात काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांपासून रचना शिकवण्याचं काम मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाच्या काळापासून होत आलं आहे. अरविंद गुप्ता यांनी ते पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत मुलांसाठी वाढवलं. काड्यांचं गूल आधी खरवडून टाकायचं, ट्यूबचा दीड सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही बाजूंनी काडी. रोबोटिक्सच्या पेटीच्या किमतीत असा एक अख्खा वर्ग वर्षभर चालतो.

एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर देणं भाग आहे. आपल्या समाजात हाताचं काम जातीशी बांधलेलं आहे. चामडं, बांबू, माती, लोखंड, प्रत्येकाला जात चिकटलेली. शाळेत हस्तोद्योग आणला की कष्टकऱ्यांची मुलं पुन्हा त्याच कामात ढकलली जातील आणि वरच्या वर्गांची मुलं पुस्तकं वाचतील, ही भीती इतिहासातून आलेली आहे. ती खोटी म्हणता येणार नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची मागणी करताना वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे मागितले होते. फुल्यांनी एकाच्या बदल्यात दुसरं मागितलं नाही, दोन्ही मागितलं, सगळ्यांसाठी. इथेही अट तीच हवी. हा विषय शहरातल्या इंग्रजी शाळेत आणि पाड्यावरच्या आश्रमशाळेत सारखाच यावा. बुरूड वर्गात येतो तो तज्ज्ञ म्हणून, आणि तो येतो तेव्हा शिक्षकाने त्याला खुर्ची द्यावी, मानधन द्यावं. आपल्या बापाला वर्गापुढे शिकवताना पाहणाऱ्या मुलासाठी हे लहान नाही.

मुलींचा प्रश्न गटाच्या आकारात दडलेला असतो. सहांचा गट केला की दोन मुलगे कात्री आणि हातोडी घेतात, मुलींकडे रंग, सजावट आणि शेवटी केर काढणं येतं. तिघांचा गट करावा आणि दर तासाला काम फिरवावं : मोजणारा, कापणारा, जोडणारा. फिरवण्याचा तक्ता भिंतीवर असावा, कारण तोंडी सांगितलेलं दहा मिनिटांत विसरलं जातं. अवजारं फार लागत नाहीत. तीस मुलांना बोथट टोकाच्या पंधरा कात्र्या, दहा पोलादी पट्ट्या, दोन लहान हातोड्या, लोखंड कापायच्या पात्याचे अर्धे तुकडे एका टोकाला कापडी चिकटपट्टी गुंडाळून, दोन टोचे शिक्षकाकडे. भिंतीवर प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा काढलेली फळी लावावी. घंटा होताच कुठली जागा रिकामी आहे ते लांबूनही दिसतं. झटपट चिकटणारा गोंद वर्गात नको, गरम गोंदाची पिस्तूल शिक्षकाच्याच हातात. गुण्या आणि ओळंबा विकत आणायची गरज नाही. कागद दोनदा घडी घातला की काटकोन मिळतो, दोऱ्याला दगड बांधला की ओळंबा.

आता वेळेचा हिशेब. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलं आहे. आठवड्यातून एकदा ८० मिनिटांची जोडतासिका, एका कामाला आठ आठवडे, वर्षात तीन कामं : एकूण ३२ तास. ८००चे ४ टक्के. ३५-४० मिनिटांच्या सुट्या तासिकेत हे जमत नाही, साहित्य वाटण्यात आणि गोळा करण्यातच ती निम्मी संपते. आठ आठवड्यांपैकी पहिला तयार वस्तू उलगडून पाहण्याचा, दुसरा एखाद्या लहान कौशल्याच्या सरावाचा, तिसरा आराखड्याचा, चौथा-पाचवा करण्याचा, सहावा चाचणीचा. सातवा आणि आठवा दुसऱ्या प्रयत्नाचे. वेळ कमी पडला की शिक्षक हेच दोन आठवडे कापणार, म्हणून ते वेळापत्रकात नावानिशी छापलेले हवेत. दोन शिक्षक आणि चार वर्ग असलेल्या शाळेने तीन कामं करण्याचा अट्टहास धरू नये. एकच करावं, पण ते दुसऱ्या प्रयत्नापर्यंत न्यावं. अशा शाळेत पहिली ते चौथी एकत्र बसवण्याचा फायदाही आहे : मोठी मुलं कापतात, लहान मोजतात.

मूल्यमापनाची अडचण वाटते तेवढी नाही. महाराष्ट्रात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांना संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा नाही, सगळं आकारिक, म्हणजे वर्षभराच्या नोंदींवरचं मूल्यमापन आहे. म्हणजे दार उघडंच आहे. पण नोंदवहीत 'साहित्य काळजीपूर्वक हाताळतो', 'कामात रुची घेतो' अशी तयार वाक्यं उतरवली जातात, जी कुठल्याही मुलाला लागू पडतात. त्याऐवजी प्रत्येक कामासाठी तीन ओळी पुरेत : काय ठरवलं, काय बिघडलं, काय बदललं. 'झाकणाला मधोमध भोक पडलं नव्हतं, घडी घालून मध्य काढला, गाडी ४० सेंटिमीटरवरून ९५ वर गेली.' ही नोंद दुसऱ्या कुणाला चिकटवता येत नाही. आणि पहिली वस्तू फेकायची नाही. प्रदर्शनात दोन्ही शेजारी मांडायच्या, वाकडी आणि सुधारलेली. पालकांना ती वाकडी वस्तू बघायची सवय लावणं हे शाळेचं काम आहे. ती सवय लागेपर्यंत कंदील घरी करून आणायला सांगणं थांबवावं. सगळं काम वर्गातच व्हावं.

राहिला शिक्षकांचा प्रश्न, आणि तोच सगळ्यात मोठा. ज्यांनी स्वतः डी.एड.ला असताना फक्त पाठाच्या फाईली सजवल्या, त्यांच्याकडून हे अपेक्षिणं अन्यायाचं आहे. व्याख्यानं आणि सरकत्या चित्रांचं प्रशिक्षण इथे कामाचं नाही. केंद्राकेंद्रावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, दर महिन्याला शिक्षकांची शिक्षण परिषद होते. तिच्यातला अर्धा दिवस सत्रातून दोनदा राखून ठेवावा. पहिल्या परिषदेत प्रत्येक शिक्षकाने झाकणांची गाडी करावी, फळीवरून सोडावी, अंतर फळ्यावर लिहावं आणि गाडी शाळेत घेऊन जावी. पुढच्या परिषदेत तीच गाडी, एकच गोष्ट बदलून, पुन्हा त्याच फळीवर.